मुकाशच्या तोंडचा आशीर्वाद

कोचकोर गावाच्या वरच्या अंगाला, आमच्या खोऱ्यात, मूल जन्मलं की दोन गोष्टी लागतात. तोंडाला लावायला पिवळं लोणी आणि तोंडात थुंकायला मुकाश. लोणी कुणाच्याही घरचं चालतं. थुंकी मात्र मुकाशचीच हवी असा वरच्या गावापासून खालच्या गावापर्यंत सगळ्यांचा हट्ट.

गुणी माणसाची थुंकी बाळाच्या तोंडात पडली की त्याचा गुण बाळात उतरतो, हे आमच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेलं आहे. मुकाशचा जन्म तसा ट्रॅक्टरवर गेला. पण तेलाने काळी झालेली ती बोटं कोमुझच्या तीन तारांवर पडली की भांडायला बसलेली माणसंही भांडण विसरून ऐकत राहायची. एकदा एका बारशाला मोठा गवई यायचा होता. तो घाटात बर्फात अडकला, आणि यजमानांनी वेळ मारून न्यायला मुकाशला पुढे केलं. ते बाळ मोठं होऊन बिश्केकच्या रेडिओवर गायलं. झालं, तेव्हापासून मुकाशच्या तोंडाला भाव आला. पुढे त्याच्या थुंकीचा एक जण नामांकित पैलवान झाला, एक जण शाळामास्तर झाला आणि एक जण वाहतूक पोलीस होऊन घाटाच्या वळणावर लपून बसायला लागला. त्या शेवटच्याचं नाव निघालं की म्हातारा म्हणायचा, “त्या दिवशी मला पडसं झालं होतं.”

त्याची बायको उमसून चारचौघांत त्याची खोडी काढायची. “जन्मभर ट्रॅक्टर हाकलात, आणि नाव कमावलंत ते थुंकून!”

“तू जन्मभर बोलतेस, तुझं कुठे नाव झालं?” मुकाश म्हणायचा. वरून असं बोलायचा खरा, पण या मानाने तो सुखावून गेला होता. बारशाला जायचं असलं की सकाळपासून कांदा खायचा नाही.

त्याच्या थोरल्या भावाची सून म्हणजे कालीपा. भाऊ गेल्यावर सासऱ्याची जागा मुकाशकडे आली. कालीपा शाळेच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजायची. बाई दणकट, हसरी, पण रीतीला पक्की. आमच्याकडे सुनेला केलिन म्हणतात, आणि केलिनने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, त्याला पाठ दाखवायची नाही. हल्लीच्या सुना यातलं निम्मंही पाळत नाहीत. कालीपा सगळं पाळायची. मुकाशला चहा दिला की किटली हातात घेऊन दारापर्यंत उलट्या पावलांनी जायची, आणि उंबऱ्याला कधी ठेच लागायची नाही.

तिची धाकटी मुलगी सेझिम रशियात जन्मली, नवरा तिथे ट्रक चालवायचा तेव्हा. त्यामुळे तिचं बारसं राहिलं आणि मुकाशची थुंकीही राहिली. पोर तेरा वर्षांची झाली तेव्हा सकाळी उठल्यावर तिचं तोंड सुजलेलं दिसायला लागलं. आधी वाटलं झोप जास्त झाली. मग पाय सुजले. बिश्केकच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या आहेत.

कालीपाच्या मनाने घेतलं की राहिलेल्या थुंकीचंच हे फळ. पण ती नुसती रडत बसणारी नव्हती. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही, तिचा जुळला. “माझ्याकडे दोन आहेत. एक तिची,” एवढंच ती डॉक्टरांना म्हणाली, जणू शेजारणीला परात उसनी देत होती.

शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी फोन आला की किडनी जोडली आणि तिथल्या तिथे टेबलावरच लघवी सुरू झाली. मुकाशने हातातला चहाचा वाडगा खाली ठेवला. एका ट्रॅक्टरचा पंप काढून दुसऱ्याला बसवायचा म्हणजे काय असतं, हे त्याला ठाऊक होतं. एकाच कारखान्याचे ट्रॅक्टर, तरी शिव्या घातल्याशिवाय सुरू व्हायचे नाहीत. आणि इथे एका बाईच्या पोटातला तुकडा दुसऱ्या पोटात बसवला, तर तो क्षणभरही न रुसता कामाला लागला! तो उमसूनला म्हणाला, “अगं, हे आपण नुसतं ऐकून सोडून द्यायचं? उभं राहून टोपी काढायला हवी.” आणि खरंच त्याने उभं राहून टोपी काढली.

पोर घरी आली ती नियमांचं गाठोडं घेऊन. पाणी उकळून प्यायचं. घोडीच्या दुधाची कुमीस वर्ज्य. गर्दी नको, तोंडाला मास्क हवा, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही. अंगाने परकी किडनी झिडकारू नये म्हणून त्या गोळ्या अंगाची लढायची ताकदच कमी करतात, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. घरच्यांनी सगळं पाळलं. कुमिशीचं कातडी बुधलं शेजारी गेलं, कुत्रा मेंढवाड्यात गेला. विचारपूस करायला आलेले पाहुणे अंगणातूनच बोलून परत गेले, आणि आमच्याकडे पाहुण्याला अंगणातून परत पाठवणं म्हणजे केवढी गोष्ट, ते आम्हालाच माहीत.

मग एका रविवारी कालीपाने घरच्याच माणसांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर तिने सेझिमला मुकाशपुढे आणून बसवलं. पोरीला कोमुझ शिकायची होती.

“आबाके,” कालीपा मान खाली घालून म्हणाली, “हिचं राहून गेलंय. आज करा.”

मुकाशने मिशा पुसल्या. सेझिमने मास्क खाली ओढला आणि खुदुखुदु हसत तोंड उघडलं. म्हातारा थुंकला. सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवून दुवा मागितला. पाणी उकळणाऱ्या, वाडगे उकळणाऱ्या, चमचे उकळणाऱ्या त्या घरात एकालाही काही खटकलं नाही. आशीर्वाद कुणी उकळून घेत नाही.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पोरीची रक्ततपासणी बिघडली. किडनी मंदावली होती. बिश्केकला परत दाखल केलं, सुईने किडनीचा कणभर तुकडा काढून बघितला. किडनीत विषाणू शिरला होता. कुणाचं उष्टं खाल्लं का, कुणाला सर्दीपडसं होतं का, असं नर्सने सहज विचारलं, आणि कालीपाच्या काळजात चर्र झालं. तिने रडत रडत त्या रविवारची सगळी हकिगत सांगितली. तिने फोनवर ती बहिणीला सांगितली, बहिणीने भाकरी घेताना शेजारणीला सांगितली, आणि संध्याकाळच्या आत खोऱ्यातल्या कुत्र्यामांजरांनाही कळलं की मुकाशच्या थुंकीने पोरीची किडनी नासली.

मुकाश दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मिठाच्या पाण्याने गुळण्या करत राहिला. उमसून वाडगा उचलायला आली तर म्हणाला, “माझा वाडगा वेगळा ठेव.”

“मला काही होत नाही तुमच्या उष्ट्याने. आख्खा जन्म खाल्लंय,” ती म्हणाली आणि त्याच वाडग्यात चहा ओतून प्यायली. तिने एवढं केलं, पण म्हाताऱ्याच्या छातीवरचा धोंडा हलला नाही. तिसऱ्या दिवशी तो घाट उतरून बिश्केकला निघाला. जाऊन काय करणार हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या तोंडाने जे केलं ते आपल्या तोंडाने डॉक्टरांना सांगायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

हॉस्पिटलच्या दारात त्याला मास्क दिला. ज्या तोंडाची जन्मभर मिजास केली ते फडक्याने बांधून मुकाश आत गेला. कालीपा खोलीत नव्हती, औषधं आणायला गेली होती. सेझिम पलंगावर पडली होती आणि डॉक्टर नाझिरा तिच्या पोटावरून यंत्राची मूठ फिरवत होत्या. वयाने त्या मुकाशच्या नातीएवढ्या.

“आबाके!” पोर हरखली. “बरं झालं आलात. ऐका, ऐका हे.”

डॉक्टरांनी यंत्राचा आवाज मोठा केला. खोलीत सूं-सूं, सूं-सूं असा आवाज भरला.

“हे काय?” मुकाशने विचारलं.

“किडनीत रक्त शिरतंय,” डॉक्टर म्हणाल्या.

“आईची किडनी आहे,” सेझिम म्हणाली, “पण ठेका माझा आहे. माझ्या छातीवर हात ठेवून बघा हवं तर.”

मुकाश पलंगाशी बसून ऐकत राहिला. आयुष्यभर त्याने ठेकेच ऐकले होते, घोड्यांचे, इंजिनांचे, तारांचे. पण आईच्या देहाचा तुकडा लेकीच्या ठेक्यावर चालतोय असं त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याची बोटं आपोआप गुडघ्यावर हलायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं, ते मास्कमध्ये गेलं. इतकं मोठं काहीतरी आपल्या थुंकीने मोडतंय, या विचाराने त्याने बोटं मिटून घेतली.

डॉक्टर बाहेर आल्या तसा तो मागोमाग आला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, अगदी सकाळी कांदा खाल्ला नव्हता हेसुद्धा सांगितलं.

डॉक्टर नाझिरा मेंढपाळाच्या घरच्या होत्या. त्यांनी त्याला बाकावर बसवलं. “आबाके, कोकरू मेलेल्या मेंढीला दुसरीचं कोकरू लावलंय कधी?”

“कितीदा. पण ती सुखासुखी घेत नाही. ढुशा मारते.”

“मग?”

“मेलेल्याचं कातडं पांघरायचं नव्यावर. नाहीतर मेंढीचे पाय बांधायचे.”

“आम्हीही पाय बांधलेत. गोळ्यांनी. अंग किडनीला ढुशा मारतं म्हणून अंगच बांधलं. पण बांधलेल्या मेंढीपाशी कोल्हा आला तर?”

“तिला लाथ मारता येत नाही. कोकरू जातं,” मुकाश म्हणाला. मग त्याला उमगलं. “म्हणजे आता दोर सैल करायचा?”

“तोच एक उपाय आहे. या विषाणूवर नेमकं औषध नाही. पोरीच्या अंगालाच लढावं लागेल. दोर फार सैल झाला तर अंग किडनीलाच मारणार.”

“तो अंदाज मला कधी जमला, कधी नाही जमला.”

“माझंही तसंच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून सारखं रक्त तपासते.”

मुकाशने विचारलं, “पण कोल्हा माझ्या तोंडातून आला ना?”

“नाही.” डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “थुंकलात ही चूकच केलीत. परत कराल तर मी स्वतः गावात येऊन तुमचं तोंड शिवेन. पण हा विषाणू तुमचा नाही. तुमच्या त्या रविवारच्या जेवणाच्या आधी तिच्या लघवीचा नमुना घेतला होता. तो आता पुन्हा काढून तपासला. त्यातही हा होताच.”

“मग कुठून आला?”

“किडनीबरोबर. बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात हा लहानपणीच शिरतो आणि किडनीत झोपून राहतो. तुमच्या अंगात असेल, माझ्या असेल. आपल्याला कधी कळतही नाही. आईच्या रक्तात त्याची खूण आहे. या पोरीच्या अंगाला मात्र त्याची ओळखच नव्हती. लहान वयाच्या पेशंटांत असं होतं.”

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. हात जोडावेत की हसावं हे त्याला कळेना. आपल्या अंगात, उमसूनच्या अंगात, या पोरसवदा डॉक्टरच्या अंगात काहीतरी जन्मभर गुपचूप झोपलेलं आहे, आणि आपण त्याच्यावर पांघरूण घालून हिंडतो, नाचतो, म्हातारे होतो! थक्क होऊन तो आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिला.

मग त्याने मान वर केली. बोळाच्या टोकाला कालीपा औषधांची पिशवी घेऊन येत होती. चालताना तिचा एक हात कुशीवर होता, जिथून किडनी काढली होती तिथे. बाकी बायका दागिना सांभाळतात तसा तिने तो व्रण सांभाळला होता. खोऱ्यातल्या प्रत्येकाला तो तिने दाखवला होता. तेवढं एकच तिच्याजवळ मिरवण्यासारखं होतं.

“हिला सांगितलंत?” त्याने घाईने विचारलं.

“अजून नाही. नमुन्याचा निकाल आत्ताच आलाय.”

“नका सांगू.”

“आबाके, मी खोटं बोलणार नाही.”

“खोटं कुठे बोला म्हणतो? तिने विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर आपणहून सांगू नका.”

डॉक्टरांनी बोळातून येणाऱ्या कालीपाकडे बघितलं. “विचारलं तर सांगणार,” त्या म्हणाल्या, “तिने किंवा पोरीने.”

“कबूल.” आणि ती विचारणारच नाही, याची तजवीज करायला म्हातारा उठला.

तो कालीपासमोर जाऊन उभा राहिला. “केलिन, डॉक्टरांशी बोललो. माझ्याच तोंडातनं गेलंय ते.”

कालीपाच्या हातातली पिशवी गळून पडली. केलिनने सासऱ्यापुढे काय बोलू नये याची जन्मभराची शिकवण तिच्या शब्दांच्या आड आली. तिने पिशवी उचलली आणि मुकाशकडे पाठ फिरवून खोलीत निघून गेली.

लग्न होऊन आल्यापासून तिने त्याला पाठ दाखवली नव्हती. मुकाश बाकावर बसला आणि मास्क नीट केला. दुखलं, फार दुखलं. पण म्हाताऱ्याने हिशेब सरळ केला होता. आपलं काय जातं? एक थुंकी. विषाणू तिच्याच किडनीतून गेला हे तिला कळलं, तर तिने दिलेलं सगळंच जातं.

त्याने ही गोष्ट उमसूनलाही सांगितली नाही. उमसूनच्या तोंडात तीळ भिजत नाही.

त्या वर्षी खोऱ्यात बारशी पुष्कळ झाली. एकाही बारशाला मुकाशला पुढे बोलावलं नाही. जेवायला बोलवायचे, मानाची मेंढीची मुंडी पुढे ठेवायचे, पण बाळ आणायची वेळ झाली की कुणीतरी म्हणायचं, “आबाके दमले असतील.” बायका त्याच्यापासून बाळाचं तोंड डोईच्या रुमालाआड करायच्या. खालच्या गावाने नवा थुंकणारा शोधला, कुठल्याशा बँकेतून निवृत्त झालेला. उमसून दात-ओठ खायची. मुकाश घरी बसून कोमुझवर तो सूं-सूं ठेका बसवत राहायचा. आईची तार खाली, लेकीची वर. वर्षभर बसवला, तरी त्याच्या मनासारखा होईना. खऱ्या किडनीची बरोबरी लाकडाला कशी यावी, असं तो म्हणायचा.

तिकडे डॉक्टरांनी दोर सैल केला, परत जरासा आवळला, परत सैल केला. सेझिमच्या अंगाने त्या कोल्ह्याशी ओळख करून घेतली आणि हळूहळू त्याला हुसकावलं. थोडी किडनी गेली ती गेलीच. बाकीची टिकली. पोर शाळेत जायला लागली. कालीपा रस्त्यात मुकाश दिसला की सलाम करायची, रीत सोडायची नाही, पण त्याच्या घरी यायची नाही.

पुढच्या वर्षी तपासणीला गेल्यावर सेझिमने डॉक्टरांना विचारलं. आता तिला सगळंच जाणून घ्यायचं होतं. “तो विषाणू मुळात आला कुठून?” तिची आई शेजारीच बसली होती. डॉक्टर नाझिरांनी शब्द पाळला आणि जे होतं ते सांगितलं, म्हाताऱ्याला ते तेव्हाच सांगितलं होतं हेसुद्धा.

घाट चढून घरी येईपर्यंत कालीपा गाडीत कुशीवर हात धरून बसली होती, असं सेझिम सांगते.

त्यानंतर कालीपाच्या थोरल्या मुलाला मुलगा झाला. तिच्या घरी बारसं होतं, निम्मं खोरं लोटलेलं. मुकाश दाराजवळच्या जागी बसला होता, हल्ली तो तिथेच बसायचा. बाळ आणायची वेळ झाली. नव्या थुंकणाऱ्याला निरोप गेला आहे की नाही, अशी कुजबूज सुरू होती. एवढ्यात कालीपा बाळ घेऊन आली आणि सगळ्यांदेखत तिने ते मुकाशच्या मांडीवर ठेवलं.

“केलिन, हे काय?”

“आबाके, थुंका.”

सगळ्यांच्या माना वळल्या. मुकाश कुजबुजला, “लोक बघतायत गं.”

“बघू देत. ऐकूही देत.” आणि जिने सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता ती कालीपा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “माझ्या पोरीला जे झालं ते माझ्या किडनीतून गेलं. डॉक्टरांनी सांगितलं. यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि यांनी नाव आपल्यावर घेतलं. मला कळू नये म्हणून.”

“अय्या!” उमसून ओरडली. “आणि मला नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर हिला दुपारच्या आत कळलं असतं,” मुकाश म्हणाला. मग कालीपाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “कशाला विचारलंस पोरी? तुला सोसवणार नाही असं वाटलं मला.”

“रडले चार दिवस,” कालीपा म्हणाली. “मग सेझिम म्हणाली, आई, किडनी पण तुझी आणि विषाणू पण तुझा, मला काय दुसऱ्या कुणाचं चालणार होतं? हसूच आलं मला. सोसलं, आबाके. आता थुंका.”

“नाही बाई. डॉक्टरीण तोंड शिवीन म्हणालीय.”

कोपऱ्यातून मास्क लावलेली सेझिम म्हणाली, “मग थुंकल्यासारखं करा ना, आबाके.”

म्हाताऱ्याला तो अपमान वाटला. “थुंकल्यासारखं? जन्मात मी कधी खोटं थुंकलो नाही.”

“खोटं बोलायला मात्र बरं जमलं,” कालीपा म्हणाली, आणि सगळी खोली हसली. कितीतरी बायका हसता हसता डोळे पुसत होत्या.

मुकाशने बाळावर मान झुकवली. बाळाने जांभई देऊन तोंड उघडलं. म्हाताऱ्याने ओठ जुळवले, पण तोंडाला अशी कोरड पडली होती की खरी तर सोडाच, खोटी थुंकीही निघेना. नुसता श्वास बाहेर आला, तो बाळाच्या गालाला लागला आणि ते खुदकन हसलं. मुकाशने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा श्वासच.

“चहा आण गं जरा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“आणते, आबाके,” म्हणून कालीपा उठली आणि भरल्या खोलीतून, माणसांच्या पायांतून वाट काढत, त्याच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली.